बातमी आधी आपल्याकडून

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट परेड ग्राउंड. नळाला गरम पाणी येतं. म्हणजे मी आयुष्यात यशस्वी झाले, असं आईला फोनवर कळवून टाकलं. आई म्हणाली, आधी गादीला ऊन दाखव, मग यशस्वी हो.

बारक्यालाही फोन केला. माझा धाकटा भाऊ. तो सैन्यात, कुठल्यातरी डोंगरावरच्या चौकीत. आणि आजपासून मीही त्याच खात्यात, फक्त वर्दी नाही. त्याला म्हटलं, यापुढे माझ्याशी सावधानमध्ये उभं राहून बोलायचं. तो म्हणाला, ताई, तुला आमचा कुक पण सलाम ठोकणार नाही.

ऑफिसचं नाव मनुष्यबळ विभाग, कुटुंब संपर्क कक्ष. काम सोपं सांगायचं तर असं: एखादा जवान गेला की त्याच्या घरी जाऊन सांगायचं. मुलाखतीतच सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीला दुसरं कोण विचारत होतं. आईला मात्र 'कल्याण विभाग' एवढंच सांगितलंय. तिला वाटतं मी सैनिकांच्या मुलांना वह्या वाटते.

टीम तिघांची. कॅप्टनसाहेबांना सगळे 'तोंड' म्हणतात, कारण बातमी तेच सांगतात. ड्रायव्हरकाका 'पाय'. मी 'पाणी', कारण बाटली माझ्याकडे. पाणी हा अवयव नाही अशी तक्रार केली, तर काका म्हणाले, माणसात सगळ्यात जास्त तेच भरलेलं असतं, बाईसाहेब.

गुरुवार, ७ मार्च

ट्रेनिंग. तोंड भला माणूस आहे, पोट सुटलेला, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारा. बेल एकदाच वाजवायची. मग दारापासून मागे सरायचं, म्हणजे उघडणाऱ्याला आपण पूर्ण दिसतो. नातं विचारून खात्री करायची. मग वाक्य: तुमचा मुलगा, किंवा नवरा, किंवा जो कोण असेल तो, कर्तव्यावर असताना गेला. 'जखमी' नाही, 'बेपत्ता' नाही, 'कळवायला दुःख होतं' तर अजिबात नाही. लोक असल्या शब्दांना लोंबकळत राहतात. फोनवर सांगायचं नाही, बंद दारातून सांगायचं नाही, समोरासमोरच. आणि एकदा बोललेलं वाक्य मागे घ्यायचं नाही.

दुपारी मेजरबाईंनी पडद्यावर तक्ते दाखवले. त्या विभागप्रमुख; केस इतके नीट की हेल्मेट वाटावं. पूर्वी म्हणे बातमी घरच्यांना कुठूनही कळायची. कोणाला टीव्हीवरून, कोणाला मित्राच्या मेसेजवरून. एका आईला भाजीच्या दुकानात शेजारणीने सांगितलं. फार तक्रारी झाल्या. तेव्हापासून विभागाचं एकच उद्दिष्ट, भिंतीवर लिहिलेलं: बातमी आधी आपल्याकडून. जवान गेल्यापासून आम्ही दारात पोचेपर्यंत किती वेळ लागतो याचा आलेख होता. रेघ उतरत उतरत तळाला टेकलेली, आणि अलीकडे तळाच्याही खाली. मी विचारलं, शून्याच्या खाली कशी काय जाते. मेजरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे.

मंगळवार, १२ मार्च

पहिली भेट. वडील जिन्यातच खुर्चीला रंग देत बसले होते. तोंडाने वाक्य म्हटलं. वडिलांनी ब्रश खाली ठेवला नाही. हातातला खुर्चीचा पाय पूर्ण रंगवला, मग पुढचा घेतला, तोही. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, नको, हात खराब आहेत. शेवटी तोंडाला विचारलं, आता हे थांबवू का. जणू त्यांना परवानगी हवी होती.

परतताना काकांनी गाडी एका टपरीवर थांबवली आणि मला जबरदस्तीने काहीतरी गोड खायला लावलं. म्हणाले, पहिल्या दिवशी सगळ्यांना थंडी वाजते. खरंच वाजत होती.

सोमवार, १८ मार्च

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला माझंच खोटं वाटणार नाही.

दार एका बाईने उघडलं. कानाला फोन, हसतमुख. फोनमध्ये म्हणाली, थांब हं, दारात कोणीतरी आलंय, आणि फोन तसाच चालू चपलांच्या कपाटावर ठेवला, माझ्या कोपराशी. फोनमधून पुरुषाचा आवाज येत होता. कोण आहे गं? गॅसवाला असेल तर पावती घे, मागच्या वेळेसारखं नको. तोंडाने विचारलं, आपण अमुक यांच्या पत्नी ना. ती हो म्हणाली आणि फोनकडे बघून गोंधळल्यासारखी हसली. मग तोंडाने वाक्य म्हटलं. तुमचा नवरा कर्तव्यावर असताना गेला.

आवाज थांबला. पावतीबद्दलच काहीतरी चाललं होतं, त्या शब्दाच्या मध्येच. फोन कट झाला नव्हता, स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते. नुसता वारा ऐकू येत होता. मग कोणीतरी लांबून धावत आल्याचा आवाज.

गाडीत मी विचारलं. तोंड म्हणाले, दीर असेल फोनवर. मी म्हटलं, दीर गॅसच्या पावतीबद्दल बोलतो? ते म्हणाले, नव्या माणसाला असं ऐकू येतं. काकांनी रेडिओ लावला.

मंगळवार, २६ मार्च

आज माझ्यामुळे घोळ झाला. पत्ता मी वाचला आणि जिन्याच्या उजव्या दाराऐवजी डावं दाखवलं. दोन्ही घरांतला मुलगा सैन्यातच, असलीच वसाहत ती. डावीकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. वर्दी बघितल्याबरोबर त्यांची मान हलायला लागली. तोंडाने नाव घेऊन विचारलं, आपण वडील ना. ते नुसते हो, हो, हो. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. वाक्य बोलून झालं.

खाली पत्रपेट्यांवर नावं दिसली तेव्हा दार चुकल्याचं कळलं. वर धावणार, तर तोंडाने माझा दंड पकडला. तेवढ्यात वरून हाका. म्हातारबाबा गॅलरीत, हातात फोन, रडतायत आणि हसतायत. अहो, लागला फोन, बोलला माझ्याशी, ठणठणीत आहे, जेवतोय, तुमची गल्लत झाली. आम्हाला शिवी नाही, काही नाही. उलट चहाला वर बोलावत होते.

मला इतकं बरं वाटलं. तोंडाने मात्र वर बघितलंच नाही. गाडीत बसले आणि म्हणाले, चला.

बुधवार, २७ मार्च

म्हातारबाबांचा मुलगा गेला. जेवून निघाला, ट्रक दरीत.

उजव्या दाराचा मुलगा, ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो, तो रजेवर घरी येतोय. धडधाकट.

मेजरबाईंकडे गेले. वाटलं ओरडतील, कामावरून काढतील. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, किती माणसं जाणार हे आधीपासून धरलेलं असतं, नाहीतर भरती कशी करायची, बूट किती मागवायचे. माणूस कोणता, एवढंच राहतं. ते पूर्वी तिकडे ठरायचं, गोळ्यांत, घाटात, कसंही. आता दारात ठरतं. बेरीज जुळली ना, मग तू एवढी कशाला कळवळतेस?

मी विचारलं, आपण कोणाच्या दारी गेलोच नाही तर?

त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, मग घरच्यांना दुसरं कोणीतरी आधी सांगेल. ते बरं दिसेल का?

राजीनामा दिला. म्हणाल्या, घेईन की, नोटिशीचा काळ संपला की.

शनिवार, ३० मार्च

बारक्याच्या कागदांवर जवळचं माणूस म्हणून आई आहे आणि पत्ता आमच्या जुन्या घराचा. त्या घराला आज कुलूप लावलं आणि आईला इकडे घेऊन आले. वाजवा आता बेल.

आई खूश. पोरीला आठवण येते माझी, असं शेजारणीला सांगून निघाली. इथे आल्या आल्या माझी कढई बघून म्हणाली, हिला कढई म्हणतात की काळोख. घासत बसलीये. मी बारक्याला दिवसातून कितीतरी वेळा फोन करते. तो वैतागलाय. म्हणे, ताई, माझी बायको झाल्यासारखी वागू नकोस.

मंगळवार, २ एप्रिल

आज सगळे माझ्याशी चांगले वागतायत.

शिपायाने न मागता चहा आणला. मेजरबाईंनी खांद्यावर हात ठेवला. तोंडाने विचारलं, आई आली ना तुझ्याकडे, बरं केलंस, तुला सोबत. मी कोणालाच सांगितलं नव्हतं आई आल्याचं. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाले, उद्या सुट्टी घे. घरीच थांब.

मी सुट्टी मागितली नव्हती.

माझ्या टेबलाशी एक नवी मुलगी उभी होती. हातात माझी बाटली.

काकांना गाडीपाशी गाठलं. ते काच पुसत राहिले, जिथे पुसून झालं होतं तिथेच. ऑफिसातल्या कोणाचं असलं की आदल्या दिवशी सुट्टी देतात, म्हणाले. रीत आहे. माझ्या थोरल्याच्या वेळी मलाही दिली होती.

दुपारी

बारक्याशी बोलले. आंघोळीच्या रांगेत उभा होता, कोणीतरी साबण पळवलाय म्हणून भांडत होता. त्याला म्हटलं, चौकी सोड, आजारी पड, पळून ये. तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, ताई, तू बरी आहेस ना? आईला दे फोन. नाही दिला.

माणूस कोणता, हे दारात ठरतं. मेजरबाई स्वतः म्हणाल्या. मग दुसरं दार—

संध्याकाळी

गेले होते. त्या वसाहतीत, उजव्या दाराशी. त्याचीच होती ती बातमी मुळात. मी कोणावर नवीन काही लादत नव्हते, असं जिन्यात स्वतःला पटवत गेले. बेल एकदाच वाजवली. मागे सरले.

दार त्यानेच उघडलं. रजेवर आलेला. बनियनवर, गालाला साबणाचा फेस. मागे त्याची आई. तिला विचारायचं, आपण आई ना, आणि मग म्हणायचं. तो समोर उभा असतानाच. बघू काय होतं. वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं.

तो म्हणाला, ताई, तुमची तब्येत ठीक दिसत नाही, आत येऊन बसा ना.

ताई म्हणाला. अगदी तसाच.

चुकीच्या घरी आले, म्हटलं. आणि पळाले. समोरच्या दाराला कुलूप होतं. म्हातारबाबा कुठे गेले कोण जाणे.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळ. आई आंघोळीला गेलीये.

गाडी खाली. काकांची.

बेल वाजली. एकदाच.

दाराच्या भिंगाला डोळा लावून बघितलं. तोंड. पूर्ण वर्दीत, मागे सरून उभे, पूर्ण दिसतील असे. नवी मुलगी बाटली घेऊन. दोघं दाराकडे बघतायत, घाई नसल्यासारखी.

उघडायचं नाही. बंद दारातून ते सांगत नाहीत. नियमाची माणसं आहेत, नशीब माझं.

पाठ दाराला लावून खाली बसलेय. लिहितेय. हातांना काम हवं, नाहीतर ते कडी काढतील.

बारक्याला फोन — रिंग होतेय — उचलला. जिवंत. काय गं परत, म्हणाला. कापला फोन. ऐकायचं नाही त्याचा आवाज बंद होताना—

आई बाहेर आली. डोक्याला टॉवेल. विचारते, बेल वाजली ना मघाशी, तू अशी खाली का बसलीयेस. म्हटलं, सेल्समन. ती खिडकीशी गेली. म्हणते, अगं, खाली सरकारी गाडी आहे, तुझ्याच ऑफिसची दिसते. माणसं ताटकळत उभी ठेवतात का. ऊठ.

उठत नाही मी.

ती म्हणते, वेडी झालीस का, सरक. माझा हात ओढतेय. तिच्या हाताला साबणाचा वास

का उघडायचं नाही ते सांगितलं तर सांगितल्यासारखंच होईल. समोरासमोर. तिला. माझ्याच तोंडून.

म्हणून काहीच बोलत नाही. नुसती लिहितेय. ती ओरडतेय, काय लिहित्येस, बोल की.

आता ओरडायची थांबली. डोळा लावून बाहेर बघितलं तिने. वर्दी दिसली असणार.

माझ्यासमोर खाली बसली. हनुवटी धरून माझा चेहरा वर केलाय. रडायचं नाही, काही दिसू द्यायचं नाही, वही बघ, वहीतच बघ, ती विचारतेय कोणाकडून आलेत हे, तू का लपवतेस, मी मान हलवतेय, नाही, नाही, नाही, आणि तिला ती मान भलतंच सांगतेय, तिचे ओठ हलतायत, आई नको, तू नको म्हणूस, ती म्हणतेय, म्हणजे आपला बारक्या ग