मधलं एक गाव

१ फेब्रुवारी, शनिवार. टूनगॅबी, सिडनी.
ठरलं. मे महिन्यात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांची टूर. लंडन वगैरे नाही. तिथे आपल्या मराठी मंडळातले सगळे जाऊन फोटो काढून आलेत. आपण खरं इंग्लंड बघायचं. दगडी घरं, ओढ्यावरचे पूल, आठवडी बाजार. मार्गही पक्का: बरफर्ड, टेटबरी, मधलं एक गाव, मग लडलो. मधल्या गावाचं नाव लिहायची गरज नाही. वाटेवर आहे, एवढंच. तिथे गुरुवारी बाजार भरतो आणि आम्ही गुरुवारीच पोचतो, हा योगायोग.

२ फेब्रुवारी.
मयूरा त्या मधल्या गावात राहते, हे खरं. पण टूरचा तिच्याशी काही संबंध नाही.
डेटा सायन्समध्ये मास्टर्स केलेली माझी मुलगी. नवरा तिथल्या बाजारात चीज विकतो. मी एवढंच म्हटलं होतं की मुलाकडच्यांनी रीतसर सिडनीला येऊन बोलणी करावीत. यात काय चुकलं? ते आले नाहीत, मी लग्नाला गेलो नाही. रेखालाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून घरात नियम: मयूराचा विषय काढायचा नाही. रेखाने तो एकदाही मोडलेला नाही. या बाबतीत मी नशीबवान.

९ फेब्रुवारी, रविवार.
रेखाला टूर सांगितली. इंग्लंड म्हटल्यावर हातातली सुरी खाली ठेवली. मे म्हटल्यावर चेहरा पडला. म्हणाली, मेमध्ये उशीर होईल.
बरोबर आहे तिचं. डॅफोडिलची फुलं तोवर संपतात. बाईला इतकी आवड असेल असं वाटलं नव्हतं. पण तारखा बदलणार नाही. एकदा बदलल्या की सवय लागते.

२२ फेब्रुवारी.
सिडनीबाहेरच्या बेरिमा गावी गेलो. टूरची रंगीत तालीम. रेखा आली नाही, तिला शिवणाचं काम होतं.
बेरिमा म्हणजे इंग्लंडच, फक्त माशा जास्त. बाजारात चीजचा एक स्टॉल होता. त्याच्यापुढे उभा राहून पाहिलं. योजना अशी: मी सहज उभा राहणार. मयूराचं लक्ष जाणार. ती रडणार. मी लगेच विरघळायचं नाही. आधी थोडा वेळ चीज बघायचं. मग माफ करायचं. त्या चीजवाल्याकडे अर्थातच बघायचं नाही.
चेहरा नीट जमेपर्यंत उभा होतो. विकणारी बाई दोनदा म्हणाली, यू राइट, मेट? म्हणजे, काही हवंय का. शेवटी एक ब्लू चीज घ्यावं लागलं. गाडीत वास बसलाय.

१ मार्च, शनिवार.
रेखाचा उत्साह बघून मीच चकित. टूर बारा दिवसांची, हिने चाइल्डकेअरमध्ये तीन महिन्यांची रजा टाकली. म्हटलं, दमशील. म्हणाली, सवय आहे.
पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा आणल्या. शोपा कशाला, विचारलं. पचनाला, म्हणाली. इंग्लिश जेवणाचं तिनेही वाचलेलं दिसतंय. डिंकाच्या लाडवांचा थोडा नमुना केला आणि मला विचारलं, कडक झालेत का? चावायला त्रास होईल का? माझ्या दाढेची एवढी काळजी! म्हटलं, मऊ आहेत. चार खाल्ले. थंडीच्या देशात जायचं तर अंगात काही हवं.
जुन्या सुती साड्यांची दुपटीही शिवतेय. गाडीत गुडघ्यांवर घ्यायला छान. मी एक घेऊन पाहिलं, फारच आखूड. मोठं शिव म्हटलं. माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

८ मार्च.
पेंडल हिलच्या दुकानात अजित भेटला. मंडळाचा माजी खजिनदार, आवाज मोठा. कढीपत्त्याच्या जुड्यांपलीकडून ओरडला, अभिनंदन दत्ताआजोबा! एप्रिलमध्ये ना? त्याची बायको अस्मिता म्हणाली, रेखा बाळंतपणाला चाललीय ते फार बरं झालं, परक्या देशात पोरीला आई जवळ हवी.
मी म्हटलं, हो, हो. दुकानदारही हसून माझ्याकडे बघत होता. त्यालाही माहीत. अख्ख्या पेंडल हिलला माहीत.
धने आणायचे राहिले.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
रेखाला जाब विचारला. मला का सांगितलं नाहीस? शांतपणे म्हणाली, विषय काढायचा नाही असं तुम्हीच म्हणालात.
तिचं तिकीट पंधराचं आहे. एकटीचं. म्हटलं, मग मीही येतो. तर म्हणाली, मयूराची एकच अट आहे. फोन करा आणि जावयाशी नाव घेऊन दोन शब्द बोला. तुम्ही त्याला कायम चीजवाला म्हणता, ते तिला ठाऊक आहे.
मी म्हटलं, नावाचं काय एवढं? तू बत्तीस वर्षांत माझं नाव घेतलंस का कधी?
म्हणाली, मी घेत नाही ते मान म्हणून. तुम्ही घेत नाही ते त्याला माणूस समजत नाही म्हणून.
लाडू खाऊन वर हे ऐकायचं.

१५ मार्च, शनिवार.
रेखाला एअरपोर्टवर सोडलं. वाटेत मी बरफर्डच्या चर्चविषयी माहिती दिली. तिने ऐकली की नाही, कळलं नाही. आत जाताना म्हणाली, फ्रीझरमध्ये आमटीचे डबे आहेत. आणि फोन करा.
करणार आहे. दबावाखाली करणार नाही, एवढंच. आधी नावाचा सराव. दोन अक्षरं तर आहेत. उद्यापासून.

२३ मार्च.
सराव झाला नाही. ऑफिसात काम फार. शिवाय घर रिकामं असलं की मोठ्याने बोलणं विचित्र वाटतं.

६ एप्रिल, रविवार.
मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.
रेखाचा व्हिडिओ कॉल आला. आधी बाळ दाखवलं. आखूड वाटलेल्या त्या दुपट्यात गुंडाळलेलं, तरी अर्धं दुपटं उरलेलं. नाक आमच्याकडचं आहे, कोणी काही म्हणो. मी पुष्कळ बोलणार होतो. मग रेखाने फोन त्याच्याकडे दिला. उंच, झोप न झालेला, खांद्यावर दुधाचा डाग. अडखळत मराठीत म्हणाला, नमस्कार बाबा. मागे पलंगावर मयूरा बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.
तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर होतं.
म्हटलं, कंग्रॅच्युलेशन्स, मेट.
प्लंबरला म्हणतो तसं. तो बिचारा थँक्यू म्हणाला. मयूराने हात पुढे करून फोन घेतला, ओके बाबा, बाय म्हणाली आणि ठेवला. रडली वगैरे नाही.
मेट म्हणजे मित्रच. आपुलकीचाच शब्द आहे. इतकी वर्षं या देशात काढून एवढं कळतं मला. तिलाही कळायला हवं. इथेच वाढलीय.
टूर पुढच्या वर्षी. मार्ग तोच, फक्त मधलं गाव वगळून. त्याने अंतरही वाचतं.
आमटी संपली म्हणून डबे धुंडाळले. नमुन्यातला एक लाडू तळाशी राहिला होता. खायला घेतला. रेखाने तेव्हा विचारलं होतं, कडक झालेत का.
तेव्हा नव्हते झाले.