आतल्या खोलीतला डबा चालू ठेवण्याबाबत

मी, अतुल लहानू मारबते, वय २३, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तिसरं वर्ष (सोडलं, काढलेलं नाही, हे नीट वाचावं), राहणार कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहितो. प्यालेलो नाही, कोणी धमकावलेलं नाही. मरायचा विचारही नाही. ज्याच्यासाठी मरावं असं माणूस या दोन जिल्ह्यांत दिसलं नाही. उद्यापासून सूरजागडच्या डोंगरावर खाणीच्या मोजणीच्या कामाला जातो. ठेकेदाराने फॉर्मवर वारसाचं नाव मागितलं. माझं एका ओळीत मावत नाही, म्हणून हे.

१. माझी मिळकत एकच. आतल्या खोलीतल्या फळीवरचा काळा डबा. नेटवर्क स्टोरेज म्हणतात त्याला. दोन हार्ड डिस्क, एक पंखा. मोटरसायकल विकून घेतला. फायली ठेवायच्या या डब्यावर मी अख्खी वेबसाइट चालवतो: आमच्या ढिवरांच्या तलावांतल्या मासोळ्यांची नावं, फोटो, कोणती कोणत्या जाळ्यात सापडते ते. दाडक, काटवा, मरळ, सगळ्या. घराचा इंटरनेटवरचा पत्ता दोन-तीन दिवसांनी बदलतो. नवा पत्ता आपोआप कळवणारा प्रोग्राम मीच लिहिला.

२. हा माझा आणि वर्गातल्या दीपिकाचा चंद्रपूरच्या कॉलेजातला प्रोजेक्ट. तोंडी परीक्षेत विभागप्रमुख हसले, "घरी सर्व्हर? चुलीजवळ ठेवणार का?" मी म्हणालो, "सर, तुमच्या लॅबपेक्षा आमची चूल जास्त दिवस चालू असते." दीपिकाने माझ्या बाजूने बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "सर बरोबर सांगून राह्यले, अतुल. फुकटच्या सर्व्हरवर टाकू." तिने साइट तिथे टाकली, पास झाली, हैदराबादला नोकरीला गेली. तिची फुकटची साइट आठ महिन्यांत गडप झाली. माझी चालू आहे. विभागप्रमुखांना कॉलेजचं ओळखपत्र तेवढं परत करावं, माझा फोटो काढून.

३. भाऊ सुरेंद्र पाहुण्यांसमोर म्हणाला, "याचा डबा साधे गाणे बी नाई वाजवत." त्याला माझे दोन स्पीकर द्यावेत. त्याच्या अकलेला तेवढंच झेपतं.

४. आई, कुंताबाई. आभाळ गरजलं की वीज पडेल म्हणून ती घरातले सगळे प्लग उपटते आणि माझी वेबसाइट जगातून नाहीशी होते. तेही सोसलं. पण यंदा पावसाळ्यात ऊन पडेना, तर तिने ओले झिंगे डब्यावर वाळत घातले. "गरम वारा फेकते ना बाप्पा, फुकट कायले जाऊ द्याचा?" टरफलं पंख्यात गेली, पंखा अडकला, साइट चार दिवस बंद. मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा भांडलो.

चौथ्या दिवशी ईमेल आला. दीपिकाचा, दोन वर्षांत पहिला. "साइट बंद काऊन आहे? बरा आहेस ना?" डब्यातली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली आणि साइटवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी पाहिल्या. हैदराबादहून कोणीतरी दर सोमवारी येत होतं आणि फक्त मरळीचं पान उघडत होतं. तो फोटो तिने काढलेला. मरळ माझ्या हातात आहे. मी उत्तर दिलं नाही. पंखा साफ केला, डबा चालू केला. समजणाऱ्याला तेवढं पुरे.

५. म्हणून, मी मेल्याची बातमी आली की झेरॉक्सवाल्या देवानंदने, ज्याच्यावर हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम सोपवतो, त्याच मिनिटाला प्लग काढावा. सोमवारी तिला कळेल. ईमेल येईल. कोणी उत्तर देऊ नये. बसू दे विचारत.

६. कलम ५ ऐकून साक्षीदार इस्तारी मामा म्हणाले, "मेल्यावर बी पोरीले तरास देतं काय बे? जित्ता हायेस तं एक ओळ लिहून टाक ना." मामांना इंटरनेटमधलं काही कळत नाही. तरी कलम ५ रद्द करतो, स्वतःच्या मर्जीने.

डबा आईला. तो चालू ठेवावा. मी गेलो तरी दर सोमवारी मरळीचं पान उघडलं पाहिजे. तिला वाटू दे, अतुल कुरखेड्यात बसला आहे, मजेत, अजून तसाच माजलेला. आभाळ गरजलं की प्लग काढायला हरकत नाही. थांबलं की लावावा. आईच परत लावते, बाकी कोणाला आठवत नाही. वर झिंगेही वाळवावेत. पंख्याची बाजू सोडून.

लिहिणार व सही करणार: अतुल लहानू मारबते

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१. देवानंद शेंडे, झेरॉक्सचं दुकान, कुरखेडा
२. इस्तारी मामा (अंगठा)

ठिकाण: कुरखेडा
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९