अकरा नंबरची बदली

मी, तोर्लेव हामनेस, वय सदुसष्ट, राहणार नेसवोग, धक्क्यावरचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी माझे डोके शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी नुसती मान हलवली, म्हणून ही घाई.

१. राहते घर, नावेची शेड आणि छोटी होडी माझी भाची रांगहिल्ड हिला द्यावी. खिडक्यांची मापे तिने गेल्या नाताळातच घेतली आहेत. मला ते कळले नाही असे तिला वाटते, तसेच वाटू द्यावे.

२. मैदानावर चुन्याच्या रेषा मारण्याचे यंत्र फुटबॉल क्लबला. चाक डावीकडे ओढते, गुडघ्याने दाबून चालवावे. ऑसब्योर्नला मात्र हात लावू देऊ नये. एक्क्याण्णव साली त्याने गोलपुढची चौकट मीटरभर मोठी आखली आणि त्या मीटरभरातच आमच्यावर पेनल्टी बसली. मापाची टेप माझी होती, असे तो अजून सांगत फिरतो. टेप माझी होती, पण डोळे त्याचे होते.

३. वॅफलचे दोन्ही साचे सोलब्योर्ग स्कारविक हिला. घरच्या प्रत्येक सामन्याला चाळीसेक वर्षे तिने वॅफल भाजली आणि पहिले नेहमी मला दिले. पुढचे कलम तिने वाचल्यावर साचे नाकारले, तर तो तिचा हक्क आहे.

४. कबुली. त्र्याऐंशी सालच्या पाचव्या डिव्हिजनचा पहिला सामना खाडीपलीकडे स्टुरेयावर होता. क्लबचे सामान माझ्याकडे असे. शिवाय मी बारावा, राखीव खेळाडू. फेरीबोट पलीकडे लागली तेव्हा लक्षात आले की जर्सींची पिशवी अलीकडच्या धक्क्यावरच राहिली. सोलब्योर्गचा धाकटा भाऊ एलिफ, आमचा अकरा नंबर, हसला. "अरे बाबा, तू एक दिवस स्वतःला विसरून येशील! थांब, मी आणतो." त्याने कोणाची तरी मोटरची होडी घेतली. समुद्र ताटलीसारखा सपाट होता.

होडी संध्याकाळी सापडली. पिशवी आत होती, गाठ मारलेली. बाकी सगळ्या जर्सी कोरड्या. अकरा नंबरची पिळून निघेल इतकी ओली. एलिफ कधीच सापडला नाही.

चौकशीत मी सांगितले की त्या दिवशी पिशवीची जबाबदारी एलिफची होती. हे खोटे आहे. गाव त्याला विसराळू म्हणत राहिले, त्याची आई तेच ऐकत वारली. फक्त सोलब्योर्ग म्हणायची, "आमचा एलिफ विसरणाऱ्यातला नव्हता रे तोर्लेव." आणि मी वॅफल खात राहायचो. मला याची लाज वाटते. रोज वाटते.

५. पुढच्या सामन्याला प्रशिक्षक मला म्हणाले, "बारावा, आज तू खेळायचंस. अकरा घाल." ती मी दोनदा धुऊन शेगडीजवळ वाळवली होती. बाहीत हात घातला तर आत ओले, बर्फासारखे गार. मी ती परत खुंटीला टांगली आणि पोट दुखते म्हणालो. दहा जणच उतरले. पंचांनी बोटाने मोजले आणि म्हणाले, "अकरा, बरोबर." आणि शिटी वाजवली.

सबंध मोसमभर असेच चालले. डाव्या बाजूला मोकळ्या जागेत टाकलेला चेंडू परत येई. गोलरक्षक कोरे एवढेच म्हणाला, "परत येतोय ना? मग टाकत राहा, उगाच चौकशा कशाला." एकदा स्वच्छ उन्हात पाहुण्या संघाचा कप्तान माझ्याजवळ आला. "तुमचा तो डावीकडचा पोरगा ओलाचिंब आहे हो. काहीतरी गरम द्या त्याला." मी कॉफी ओतली आणि खुंटीखालच्या बाकावर ठेवली. सामन्यानंतर कप रिकामा होता.

त्या वर्षी आम्ही तिसरे आलो. तेव्हापासून बेचाळीस मोसम मी मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला अकराव्या खुंटीवर जर्सी टांगतो. टांगताना ती कोरडी असते, उतरवताना खारट पाणी ठिबकते. तो नंबर क्लबमध्ये नंतर कोणी मागितला नाही. एलिफ चोवीस वर्षांचा आहे आणि अजून खेळतो आहे, कारण त्याला कोणी बाहेर बोलावलेच नाही. मैदानात नसलेल्या माणसाची बदली कशी करणार, असे आम्ही स्वतःला सांगत आलो.

६. येत्या वसंतात गावाच्या श्रमदानात जुनी खेळाडूंची खोली पाडणार आहेत. खुंट्या जातील. मग तो सामन्यानंतर कुठे येईल, या विचाराने मला झोप लागत नाही. म्हणून खोली पाडण्यापूर्वी, मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्यात पुढीलप्रमाणे करावे. अकराची जर्सी नेहमीप्रमाणे टांगावी. माझी बारा नंबरची, जी आजवर एकदाही मैदानात गेलेली नाही, ती शेजारच्या खुंटीवर टांगावी. बाकावर गरम कॉफी ठेवावी. चौथे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, एकही शब्द न गाळता. मग उत्तरार्धात, चेंडू बाहेर गेल्यावर, बदलीचा लाकडी फलक उचलावा: लाल आकडा अकरा, हिरवा बारा. पंच विचारतील, त्यांना सांगावे की मृत्युपत्र आहे.

फलक सोलब्योर्गनेच धरावा. तिच्या हाकेशिवाय तो बाहेर येणार नाही आणि तिच्या परवानगीशिवाय मी आत जाणार नाही. तिने नाही म्हटले, तर तिला कोणीही आग्रह करू नये. मी थांबेन. राखीव बाकावर बसायची मला सवय आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. एकही शब्द बदलायचा नाही.

(सही) तोर्लेव हामनेस

दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर होते व त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या:
१. कोरे मीरलांद, निवृत्त गोलरक्षक
२. इंगेबोर्ग तुफ्ट, ग्रंथपाल

नेसवोग, ९ ऑक्टोबर २०२४