आपण पाठवलेल्या नावेविषयी

॥ श्री ॥

मु. बोरसंगम, वैशाख वद्य ४, शके १८९५

ती. गोरक्षनाथराव यांच्या चरणी धाकटा साडू कानिफनाथ याचा नमस्कार. आम्ही उभयता देवाच्या कृपेने उभे आहोत (बसायला सावली राहिलेली नाही, म्हणून उभे). आपल्या पोटाचं कसं आहे? आक्काबाईंचे गुडघे नाशिकच्या हवेत तरी बरे आहेत का? इकडची हवा कशी आहे असं आपण दर पत्रात विचारता. हवा आहे. तेवढंच आहे. पाऊस मागच्या वर्षी आला नाही तो नाहीच. प्रवरेचं पात्र इतकं स्वच्छ पडलं आहे की, माझ्या वडिलांच्या हातून सन छत्तीसच्या पुरात निसटलेला तांब्या यंदा सापडला. चेपला आहे, पण पाणी धरतो. धरायला पाणी मिळालं तर.

पत्राचं कारण आपली नाव. आपल्याला वडीलकीचा मान आहे म्हणून जपून लिहितो, पण माझं डोकं तापलेलं आहे, हे शाईवरूनही कळेल.

गेल्या वर्षी चैत्रात आक्काबाईंचं पत्र आलं, की आम्ही धरणावर नावेत बसलो, काठ मागे मागे पळत होते, हात बाहेर काढून पाण्यात बुडवला तर पाणी गारेगार. हे पत्र मी त्यांच्या धाकट्या बहिणीला, आमच्या भागूबाईला, वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. त्यानंतर आठ दिवसांत तिने तीन वेळा ते पुन्हा वाचायला लावलं, आणि हात बुडवण्याच्या ओळीला दर वेळी तिची भाकरी तव्यावर करपली. तीस वर्षं ती नदीच्या काठावर धुणं धुते आहे, पण पाण्यावर बसायची इच्छा तिने कधी सांगितली नव्हती. मुळात तिने कधी काही मागितलंच नव्हतं, म्हणून मला ते फार लागलं. मी आपल्याला एका कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, की कुठे जुनी लहानशी नाव निघाली तर कळवावं. कळवावं एवढंच लिहिलं होतं. एरवी आपण चार पत्रांना एक उत्तर पाठवता. या वेळी उत्तर आलं नाही, थेट नाव आली.

ती आली कार्तिकात. कोल्हारच्या पुलावरून ट्रक आमच्याकडे वळला तेव्हा पुलाखाली शेरडं बसली होती. नाव पाहून ती उठली. आमच्या डोहात तेव्हा गुडघाभर पाणी होतं, मार्गशीर्षात घोट्याएवढं राहिलं आणि पौषात नुसती ओल. ट्रकवाल्याने नाव घाटाखालच्या वाळूत उतरवली आणि विचारलं, "हिकडं नदी कंच्या बाजूला हाय?" तो नदीत उभा राहून विचारत होता.

आमचे सरपंच आप्पासाहेब यांना मात्र आनंद झाला. ते एकदा महाबळेश्वरला जाऊन आल्यापासून आमचं गाव हवा खाण्याचं ठिकाण व्हावं, असं त्यांच्या मनात आहे. त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून घेतली: "नौकाविहार. कोरडी व आरोग्यदायक हवा." पाटी खोटी नाही. एवढी कोरडी हवा महाबळेश्वरला सात जन्मात मिळायची नाही. आसपासचे लोक खडी फोडण्याच्या कामावरून परतताना पाटी वाचत आणि विचारत, "काय मामा, नाव कितीला सुटती?"

मग हैदर मिस्त्री आला. हा आमचा गावसुतार. लाकडाशी तो माणसासारखा बोलतो आणि माणसांशी लाकडासारखा. त्याने नावेवर टिचक्या मारल्या, कान लावला आणि मला म्हणाला, "मामा, हे लाकूड पान्यातलं हाय. ह्याला रोज प्यायला लागतं. न्हाई पाजलं तर फळ्या हसतील."

"हसू दे," मी म्हटलं.

"हसल्या की मग रडायचं तुमी," तो म्हणाला. "रोज दोन घागरी. आतनं."

आता सांगा, ज्या गावात एका घागरीसाठी बाया पहाटेपासून विहिरीवर रांग लावतात, तिथे वाळूतल्या लाकडाला दोन घागरी कोणत्या तोंडाने पाजायच्या? पहिल्या दिवशी मी अर्धी घागर ओतली. भीमाबाई नावाची आमची शेजारीण रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता गाडीलाबी पेंड घालत्याल." दुसऱ्या दिवशी मी घागर उचललीच नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पुढच्या फळीला केसाएवढी फट. ती फट भागूबाईनेही पाहिली. पदराने पुसली.

तेव्हा देवाने एक गोष्ट सुचवली. आपल्याला माहीत आहे, वडिलांना शब्द दिल्यापासून मी सकाळची अंघोळ नदीच्या पात्रातच करतो. पाणी आटल्यापासून मी घरून एक बादली नेऊन वाळूत बसत होतो (वाळूत अंघोळ केली की माणूस आधीपेक्षा मळतो, हा यंदाचा अनुभव). मी विचार केला, बसायचं ते नावेत बसावं. नाव पात्रात, मी नावेत, म्हणजे शब्द पाळला जातो. आणि पाणी अंगावरून उतरून फळ्यांना मिळतं. एका थेंबाचाही अपव्यय नाही. दुसऱ्या दिवसापासून मी नावेत बसून स्तोत्र म्हणत अंघोळ करू लागलो.

लोक चार दिवस हसले. पाचव्या दिवशी एक म्हातारा आपला तांब्या घेऊन आला, की मामा, सरका, नदीचं स्नान नावेत चालत असेल तर आम्हीही करतो. माघात दहा जण झाले. अमावास्येला तर घाटावर ओळ लागली, आणि ज्यांच्या घरी अंघोळीला पुरेसं पाणी नव्हतं तेही नुसते ओल्या फळ्यांवर बसून हात जोडून जात. मला माझ्याच नावेत पाळी येईना. बसलो की बाहेरून आवाज येई, "महाराज, आटपा, उन्हं आली!" भीमाबाई आपल्या म्हाताऱ्या सासूला हाताला धरून आणू लागली आणि पेंडीचं बोलणं साफ विसरली. चैत्रात हैदर मिस्त्री तपासायला आला. शिकेकाई, तेल, राख, साबण आणि साऱ्या गावाचा मळ यांनी नावेच्या साऱ्या फटी लिंपून गेल्या होत्या. तो म्हणाला, डांबरानेही असा मेळ बसत नाही. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं.

दिवसा मात्र नाव रिकामी असे. भागूबाई संध्याकाळी तीत बसून तांदूळ निवडी. तोंड खालच्या अंगाला, पाणी जिकडे गेलं असतं तिकडे. मी विचारलं, तर म्हणाली, "सवय करते." तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की वरच्या धरणातून नदीला प्यायचं पाणी सुटेल त्या दिवशी नावेत पहिली ती बसेल. आप्पासाहेबांकडूनही तसा शब्द घेतला.

गेल्या पंधरवड्यात दवंडी पिटली, पाणी सुटलं. सारं गाव घाटावर. दुपारी बाराला वरच्या वळणावर पाण्याची जीभ दिसली, पुढे फेस, पालापाचोळा, फुटकी टोपली, आणि मागे खरोखरचं पाणी. माणसं रडली. मीही. नाव आधी थरथरली, मग एका अंगाने उठली, मग सरळ झाली. आत एक थेंब शिरला नाही. भागूबाई हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन घोटाभर पाण्यात उभी होती. तिचा एक पाय उचललेला मी या डोळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात आप्पासाहेब म्हणाले, "वैनी, थांबा. बाईमानसाला धोका नको. आधी मी बसून बघतो."

ते बसले नाहीत, उभे राहिले. नारळ भागूबाईच्या हातातून घेऊन फोडला आणि गावच्या हवेवर बोलू लागले. इथे माझी चूक झाली, ती लपवत नाही. नाव मी देवळाच्या दोराने बाभळीला बांधली होती. गाडी चालू करायची तर आधी बैल सोडवून जुंपतात, एवढंच मला ठाऊक. नाव चालू करायची तर दोर सोडायचा असेल, असं समजून मी सोडला. नाव चालू झाली. आणि तेव्हा साऱ्या गावाच्या, माझ्या, हैदरच्या एकदमच ध्यानात आलं, की हिला वल्ही नाहीत. आपण ती पाठवलीच नव्हती. चार महिने तीत दोनशे माणसांनी अंघोळी केल्या, पण वल्ही कोणाला आठवली नाहीत, कारण अंघोळीला वल्हं लागत नाही.

नाव गोल फिरत निघाली. आप्पासाहेबांनी भाषण थांबवलं नाही. एक वाक्य आमच्याकडे तोंड करून, पुढचं पैलतीराकडे, पुन्हा आमच्याकडे. "इथली हवा" एवढं शेवटचं ऐकू आलं. पुढचं खालच्या वाडीला ऐकू गेलं असावं, कारण दोन मैलांवर नाव तिथल्या वाळूला लागली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं.

आम्ही आणायला गेलो. वाडीकरांनी आप्पासाहेबांना चहा पाजून परत दिलं, पण नाव दिली नाही. नदीतून वाहून आलेलं लाकूड ज्याच्या काठाला लागतं त्याचं, हा आमचा बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे, आणि पुरात त्यांच्या तीन तुळया आमच्या काठाला लागल्या होत्या त्या आम्ही देवळाला लावल्या, हे त्यांना पक्कं आठवतं. "सरपंच तुमचा, तो न्या," म्हणाले. "नाव आमची."

मीही म्हटलं, ठेवा. मला या नावेचा वीट आला आहे. वाहनाच्या मोहात पडू नये, हे संत उगाच सांगत नाहीत. तेव्हा आपण सवडीने येऊन, वाडीकरांशी काय ते बोलून, आपली नाव आपण परत न्यावी आणि आम्हाला मोकळं करावं, ही विनंती. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला नम्र,
कानिफनाथ

ता. क. नाव आपली आहे, गावाची नाही, आणि नुसती वापरायला दिली होती, असं दोन ओळींचं पत्र वाडीकरांच्या नावे लवकर पाठवावं. मात्र नेऊ नये. त्यांनी ती उन्हात पालथी टाकून वर कोंबड्या बसवल्या आहेत. मी रोज सकाळी दोन मैल चालत जातो, नाव सुलटी करतो, अंघोळ करतो, परत येतो. कोंबड्या मला ओळखू लागल्या आहेत.

दुसरं ता. क. हे एकट्याने वाचावं. संक्रांतीनंतर आक्काबाईंना भागूबाईचं कार्ड आलं, की नावेत बसले, काठ मागे पळत होते, हात बुडवला, पाणी गारेगार. तिला लिहिता येत नाही. ते अक्षर माझं. "बसले" इथपर्यंत खरं होतं म्हणून मी लिहीत गेलो, आणि पुढे हात थांबला नाही. तीस वर्षांत खोटं लिहिलेलं ते पहिलं, आणि तेव्हापासून माझं स्तोत्र मध्येच अडखळतं. आता आक्काबाई वटपौर्णिमेला इथे येऊन नावेत बसणार म्हणतात. त्याआधी धरणातून पाणी सुटायची आणखी एक पाळी आहे. तेवढ्यात भागूबाईला एकदा खरंच बसवलं, की कार्ड मागाहून का होईना खरं होईल. म्हणून वल्ही पाठवावीत. दोन.

तिसरं ता. क. पाकीट चिकटवत होतो तेव्हा भागूबाईने विचारलं, काय लिहिलंत? मी सगळं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आक्का लहानपनापासनं गुडघ्याच्या वर पान्यात उतरली न्हाई. डोळे फिरत्यात तिचे. ती नावंत बसली व्हय?"

आक्काबाईंनाही लिहिता येत नाही, गोरक्षनाथराव. ते पत्र आपल्या अक्षरात होतं. याचं उत्तर पाठवू नका. दोन पत्रं खरी करायची आहेत, वल्ही चार पाठवा.