खरा ब्राउझर मी ओळखला

४ जानेवारी, सकाळी ८.२०
आजपासून कॉम्प्युटरचं सगळं स्वतः बघायचं. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं नाही. तो माझ्या खुर्चीत बसतो आणि 'काका, जरा पाणी मिळेल का' म्हणून मला बाहेर पाठवतो. परत येईपर्यंत काम झालेलं असतं. एकतीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. कीबोर्डला मी नवा नाही.
ज्येष्ठ मंडळाचा चिटणीस या नात्याने एकशे बारा सभासदांना परिपत्रक मीच मेल करतो. अध्यक्षांना फाइल जोडता येत नाही. मी तसं कधी बोलून दाखवत नाही. फक्त दर सभेत आभार मानताना उल्लेख होतो.

६ जानेवारी
ब्राउझर तीनदा बंद पडला. 'हा प्रोग्रॅम अचानक बंद पडला आहे' अशी पाटी. ओके दाबलं. पुन्हा पाटी. पुन्हा ओके. अकरा वेळा. संयम हा माझा मूळ स्वभाव.

७ जानेवारी, सकाळी १०
शब्दकोडं सोडवत असताना नवी पाटी आली: 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. ताबडतोब अपडेट करा.' हिरवं बटण. भाषा नम्र.
बायको म्हणाली, थांबा, लेकीला विचारते. मी तोवर दाबलं होतं.
मुलगी परगावी एका कंपनीत आहे. कुठली मेल उघडू नये, कुठल्या बटणाला हात लावू नये, हे तिथल्या लोकांना शिकवते. यासाठी पगार देतात. आमचं दोन वर्षं बोलणं नाही. ती निघाली तेव्हा रागाच्या भरात मी म्हणालो होतो, गेलीस तर मला फोन करू नकोस. तिने ते शब्दशः घेतलं. लहानपणापासून अशीच.

९ जानेवारी
पंखा सारखा घरघरतोय. माउसचा बाण पाय ओढत चालतो. पडद्यावर केसगळतीच्या जाहिराती. मला केस नाहीत. म्हणजे जाहिरात माझ्यासाठी नाही, म्हणजे बिघाड माझ्याकडचा नाही. बहुधा लाइनमध्ये दोष.

१० जानेवारी, संध्याकाळी ६
बायको लेकीशी बोलत होती, स्पीकर लावून. मी पेपर वाचत होतो. कान बंद करता येत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.
लेक सांगत होती, आई, आधी इंटरनेटची वायर काढ. मग चालू प्रोग्रॅमची यादी उघडायची. खऱ्या ब्राउझरच्या आठ-दहा ओळी एकदम दिसतात, त्याला घाबरायचं नाही. त्यावर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघायचं. खरा असतो तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये. नकली कुठल्या तरी भलत्याच फोल्डरमध्ये दडलेला असतो आणि नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. बाबांना म्हणावं, काही डिलीट करू नका, मी सांगते तसं करू.
मग तिने विचारलं, बाबा कसे आहेत. बायको म्हणाली, पेपर वाचतायत.
त्यानंतर मी तो खरोखरच वाचला.

११ जानेवारी, सकाळी ११.४०
स्वतंत्र तपास केला. यादीत ब्राउझरचं नाव नऊ वेळा. एकाच गोष्टीच्या नऊ प्रती म्हणजे रोग, हे कळायला कंपनीत नोकरी लागत नाही. खाली मात्र एकच ओळ, शांत, शिस्तीत. नावात शेवटचं अक्षर दोनदा पडलंय. माझ्या नजरेला ते लगेच दिसलं. बोट रेंगाळलं की असं होतं. चूक माणसाची आहे, माफ.
फाइल कुठे आहे ते बघितलं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, आणि वाटेत चक्क माझं नाव. म्हणजे हा खास माझ्यासाठी बसवलेला. ते नऊ जण 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये राहत होते. मुळासकट काढून टाकले.
लेकीचं सांगणं नेमकं उलटं होतं. तिच्याकडे थिअरी आहे. मशीन माझ्यासमोर आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
ब्राउझर उघडत नाही. जाहिरातीही नाहीत. कमालीची शांतता. बायकोने विचारलं, वायर काढली होतीत का. म्हटलं, गरज पडली नाही.

१३ जानेवारी, सकाळी ९
अध्यक्षांचा फोन. काल माझ्या पत्त्यावरून त्यांना मेल आली. विषय: आपले जुने फोटो. मजकूर: 'वेळ काढून बघ. तुझाच.' सोबत फाइल. त्यांनी ती उघडली, आणि त्यांचा कॉम्प्युटर बसला तो बसलाच. पण त्याहून त्यांना लागलंय ते एकेरी 'बघ'. मी म्हणालो, मी 'सप्रेम नमस्कार'शिवाय कधी सुरुवात केली आहे का. ते म्हणाले, तेच तर.
दुपारपर्यंत चौतीस फोन. खुलाशाचं परिपत्रक लिहून तयार आहे. पाठवायला ब्राउझर नाही.

१४ जानेवारी
मंडळाची तातडीची सभा. चिटणीसपद चष्म्याचं दुकान असलेल्या एका सभासदाकडे दिलं. माझ्यावरचा ताण कमी व्हावा, असं सर्वानुमते ठरलं. एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, शेजारच्याने त्याचा हात धरला.
दुरुस्तीवाल्याला बोलावलं. (बायकोने.) त्याने पाणी मागितलं. परत आलो तर म्हणाला, काका, चांगला होता तो काढलात आणि चोर ठेवलात. मी अक्षराचा मुद्दा काढला. तो म्हणाला, अहो, त्यावरूनच तर ओळखायचा. सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला म्हणाला. लिहून घेतलं.

१६ जानेवारी, संध्याकाळी ७
लेकीचा फोन. माझ्या मोबाइलवर. दोन वर्षं, दोन महिने. मोजत नव्हतो, हिशेब आपोआप राहतो.
म्हणाली, बाबा, बारा तारखेला तुमची मेल आली. मी ऑफिसात उघडली.
मी म्हणालो, तू तर हेच शिकवतेस.
म्हणाली, हो. त्याच सकाळी वीस जणांना शिकवून आले होते. पण तुमचं नाव होतं, आणि जुने फोटो. खाली नुसतं 'तुझाच' होतं. मला वाटलं, पुढे 'बाबा' लिहायचं होतं आणि तुम्हाला जमलं नाही.
तिच्या विभागाची सगळी मशीन एक दिवस बंद ठेवावी लागली. चौकशी चालू आहे. शिकवण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलंय.
मी तिला सगळं क्रमाने समजावून सांगितलं. नऊ ओळी, ते अक्षर, फोल्डरमधलं माझं नाव. तिने मधे तोडलं नाही. मग विचारलं, म्हणजे तुम्ही लिहिली नव्हती.
म्हटलं, छे, मी कशाला लिहीन. व्हायरस होता तो. भाषेवरून तरी ओळखायला हवं होतंस.
म्हणाली, बरोबर आहे. आईला द्या.
एकूण बोलणं चांगलं झालं. तिची चूक तिने मान्य केली.

१७ जानेवारी
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी. बायको कालपासून कामापुरतं बोलते.

१८ जानेवारी, सकाळी १०.१५
दुरुस्तीवाल्याने नवा ब्राउझर टाकून दिला. लेकीला मेल लिहायला बसलो. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, खोडलं. दीड तास गेला. पाच ओळी झाल्या. शेवटी 'तुझा बाबा' लिहिलं. पूर्ण. कुठलीही फाइल जोडली नाही. पाठवली.
मिनिटाभरात परत आली. माझा पत्ता धोकादायक म्हणून त्यांच्या ऑफिसने बंद केला आहे.
बायको म्हणाली, तात्पुरतं असेल, चौकशी संपली की उघडतील. विचारलं, लेक म्हणाली का तसं. बायको म्हणाली, नाही, मीच म्हणतेय.
ब्राउझर मात्र उत्तम चालतोय.