ओढ्याकाठची पट्टी आणि दगाबाज मंडळी

७ जून
आजपासून मी पर्यावरणवादी. ओढ्याकाठची पट्टी नांगरायची नाही, जे उगवेल ते तसंच राहू द्यायचं, त्याबद्दल सरकार दरवर्षी अनुदान देणार. गावातून पहिलं नाव माझं. दुसरं चुलतभाऊ सुरेंद्रचं, तेही माझं बघून.
त्या पट्टीत सोनाबाईची भेंडी-गवार असते. यंदा बंद. ती म्हणाली, मंग मी बाजारात काय घेऊन बसू? बायकोला लाँग टर्म विचार जमत नाही.

२२ जून
सोनाबाई बोलत नाही. अनुदान आलं की बोलेल.

१८ जुलै
रोज पट्टी बघून येतो. गवत गुडघ्याला लागलं. सोनाबाईने विचारलं, आज गवतच शिजवू काय? दुर्लक्ष केलं.

२४ ऑगस्ट
सुरेंद्र स्वतःच्या पट्टीकडे फिरकतसुद्धा नाही. नुसतं रान माजलंय, बोराट्या, टाकळा, काय वाट्टेल ते. समजावलं, उद्या साहेब लोक आले तर गावाची इज्जत काय राहील? म्हणतो, दादा, मले जमूनच नाही राह्यलं. अशा आळशी माणसाला योजनेत घेतलंच कसं?

२७ सप्टेंबर
शेती ऑफिसातून फोन. परवा भाग्यलक्ष्मी मॅडम पाहणीला येणार. फोटो काढणार, फोटोवरच अनुदान. पट्टी अशा अवतारात कशी दाखवायची? गवत कापायची मशीन भाड्याने सांगितली. सोनाबाई म्हणाली, मॅडमले एकदा इचारून तं घ्या. म्हटलं, पाहुणे येणार म्हणून घर झाडायचं, हेही विचारून करायचं?

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
पट्टी चकाचक. एक काडी शिल्लक नाही. कडेने चुन्याच्या रेषा मारल्या, झेंडूचं तोरण बांधलं. गवतात लाव्याचं घरटं सापडलं, ते अंड्यांसकट अलगद शेताच्या कडेला धुऱ्यावर नेऊन ठेवलं. पर्यावरणाचं भान आहे मला.

२९ सप्टेंबर
दगा झाला.
मॅडमनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, इधर का घास किधर गया? मी अभिमानाने सांगितलं. तर म्हणाल्या, घास का ही पैसा था. पट्टी बाद.
उगवू द्या म्हणाले होते, उगवू दिलं. फोटोच्या आदल्या दिवशी कापू नका, असं वेगळं कोण बोललं होतं?
सुरेंद्रच्या रानात मात्र मॅडम खूश. बोराटीत ओढणी अडकली तरी हसत होत्या. चहा माझ्याकडे, पास सुरेंद्र.

५ ऑक्टोबर
सुरेंद्रला सांगितलं, नैतिकदृष्ट्या अर्धं अनुदान माझं. तो म्हणाला, दादा, मी तं काईच नाही केलं. माझंही तेच म्हणणं आहे.
रक्ताचा माणूस असा निघावा, याचं फार वाईट वाटतं. सरकारने फसवलं, मॅडमनी फसवलं, भावाने फसवलं. आता माझ्या बाजूने एकटी सोनाबाई. तिला तसं बोलून दाखवलं. ती उठून आत गेली.

१३ ऑक्टोबर
घरात भाजी नाही. पिशवी देऊन मलाच बाजारात पाठवलं. सोनाबाईच्या नेहमीच्या जागेवर दुसरी भाजीवाली, गयाबाई बसलेली. भेंडी तिच्याकडूनच घ्यावी लागली. म्हणाली, केशवभाऊ, वयनी आता येत नसन तं ही जागा मी कायमची धरू काय? इचारून सांगा.
घरी येऊन सोनाबाईला विचारलं. ती म्हणाली, पट्टी सोडतानी इचारलं नाही, मंग आता काऊन इचारता?
मी पिशवीतली भेंडी काढून चिरायला घेतली. भेंडी निबर निघाली.