राखून ठेवलेला शब्द

रविवार, ३ मार्च

चि. धाकटे,

तुला आणि बोगद्यातल्या त्या उंदराला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, अनेक आशीर्वाद. तुमची खुशाली सकाळीच फोनवर कळली, आमचीही तुला कळली, तरी पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून केलं.

बोगद्याच्या कामावरच्या फोनवरून त्या दहा मिनिटांत तुझं काय बोलून होतं आणि माझं काय ऐकून होतं! तुझ्यामागे रांगेत उभी असलेली माणसं खाकरतात ते मला इथपर्यंत ऐकू येतं. शिवाय निम्मा वेळ फोन तुझ्या लेकाच्या, आपल्या बोक्याच्या कानाला. म्हणून हे पत्र. आज पाळणाघर बंद आहे, बोका जेवून झोपलाय, आणि मला स्वस्थ बसवत नाहीये. दोनदा कपाट आवरून झालं.

तुझा लेक मजेत आहे. एकोणीस महिन्यांचा झाला, चार दाढा आल्या, केळं स्वतः सोलतो आणि साल माझ्या खिशात ठेवतो. नवीन उद्योग म्हणजे चपला. दाराशी बारा मुलांच्या चोवीस चपला-बूट पडलेले असतात, हा बसून सगळ्यांच्या जोड्या लावतो. टपालवाल्याच्या जुळ्यांचे बूट अगदी सारखे आहेत, आईलाही कळत नाहीत, पण ह्याला कळतात. कुणाला घ्यायला आई आली की हा तिच्याकडे एक नजर टाकतो आणि नेमके त्या मुलाचे बूट पुढे सरकवतो. शिंपीणबाई म्हणतात, ह्याला आता पगार सुरू करा. (शिंपीणबाई म्हणजे माझी नवी मदतनीस. आधी दुकानात शिवणकाम करायच्या. अजूनही मुलांना कापडासारखं उलटसुलट करून बघतात.)

कंडक्टरीणबाईंच्या मुलीला चष्मा लागला. तिचा डोळा तिरका जातोय हे मीच आठ दिवसांत ओळखलं होतं. बाई आधी रागावल्या, आता तिजोरीतल्या दागिन्यासारखा तो चष्मा जपतात.

बोलायला लागला का, हे तू आज तिसऱ्यांदा विचारलंस. आमचा नियम विसरलीस वाटतं! बावीस वर्षांत मी एकाही आईला ‘आज बाळाने पहिलं पाऊल टाकलं’ असं सांगितलेलं नाही. मूल इथे उभं राहून पाऊल टाकायला लागलं की आम्ही चक्क तोंड फिरवतो. दुसऱ्या दिवशी आई नाचत येते, ‘काल घरी चालली!’ आणि आम्ही, ‘अगंबाई, खरंच?’ पहिलं पाऊल, पहिला शब्द आईबापाचा. तेव्हा मला विचारू नकोस. विचारलंस तरी सांगायची नाही.

बाकी, गुरुवारपासून जमीन उखडायची आहे. फळ्या सडल्यात, सुताराने एक उचलून दाखवली तर खाली वाळवीचा संसार. आता पक्की फरशी आणि वर जाड रबरी चटई. पडली मुलं तरी लागणार नाही. मला मात्र त्या फळ्यांची सवय. माझा घसा तर केव्हाच कामातून गेला, म्हणून फळ्यांवर दोनदा पाय आपटायचा, की बाराच्या बारा हजर. बोका तर सगळ्यांत आधी वळतो.

उठला वाटतं. थांबते.

तुझी ताई

मंगळवार, १२ मार्च

चि. धाकटे,

आशीर्वाद. घाईत लिहितेय, मुलं अंगणात आहेत आणि माझा एक डोळा खिडकीबाहेर.

जमीन झाली. दिसायला छान आहे, पण पायाला मेल्यासारखी लागते. सुताराचं दाराच्या चौकटीचं काम राहिलं होतं, ते तसंच राहणार, कारण काल मी त्याला नाही नाही ते बोलले आणि तो हत्यारं उचलून गेला. काय झालं ते सोड. काही माणसांना विचारलं नसताना बोलायची खोड असते.

बोका जरा रुसलाय. नव्या जमिनीवर पाय आपटला तर येत नाही. इतर मुलं निघाली की मग त्यांच्यामागे येतो. सवय नाही अजून, होईल. आपले बाबाही म्हणे तीन वर्षांचे होईपर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हते, आणि नंतर कुणी त्यांना थांबवू शकलं नाही. (हे मी कशाला लिहिलं? राहू दे.)

रविवारी तू फोनवर त्याला गाणं म्हटलंस आणि तो खिदळला. तू रडलीस. छान झालं.

एक विचारते. तुझ्याकडे होता तेव्हा दार आपटलं तर दचकायचा का गं? आणि तुम्ही निघायच्या आधी त्याला तो मोठा ताप आला होता, तो किती दिवस होता? सहज विचारतेय, शिंपीणबाईंशी पैज लागलीय. पण उत्तर लगेच पाठव, पुढच्या टपालगाडीची वाट बघू नकोस.

तुझी ताई

गुरुवार, २१ मार्च

धाकटे,

बसून वाच. जावईबापूंना जवळ बसव.

तुझं पत्र काल आलं. ‘पातेलं पडलं तरी दचकायचा, ताप नऊ दिवस होता, आणि ताई, तू सांगणार नाहीस पण मला कळलंय. तो आई म्हणतो ना? माझ्यासाठी राखून ठेवलायस ना तो शब्द? मी इथे रोज बोगद्यात उतरताना तेच मनात धरून उतरते.’

हे वाचलं आणि मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. मग बाहेर आले, मुलांना दूध दिलं, पुन्हा आत गेले. काल दिवसभर हेच चाललं होतं. चार कागद फाडले. हा पाचवा.

राखून ठेवलेलं काहीच नाही गं. तो आई म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. त्याला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं.

मी सुताराला बोलले त्या दिवशी तो चौकटीपाशी काम करत होता. त्याच्या हातून मोठी फळी सुटली आणि धाडकन फरशीवर पडली. जुळे भोकाड पसरून रडायला लागले, शिंपीणबाईंच्या हातातली वाटी गेली. बोका त्या फळीपासून हातभर अंतरावर, पाठ करून, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होता. त्याचा हात थांबलासुद्धा नाही. सुतार हळूच म्हणाला, ‘बाई, ह्या बाळाला ऐकू येत नाही का हो?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला फळी धरता येत नाही, ते बघा आधी!’ आणि बरंच काही म्हटलं. तो बिचारा दोन पोरांचा बाप आहे.

पण त्याने मला नवीन काही सांगितलंच नव्हतं. म्हणून तर मी इतकी भडकले.

मला सहा महिन्यांपासून वाटत होतं, धाकटे. हाक मारली तर वळायचा नाही. मी स्वतःला सांगायचे, खेळात रमलाय. मग नकळत हाक मारायच्या आधी त्याच्या खांद्याला हात लावायला लागले. शिंपीणबाई आल्या त्यांनाही तसंच शिकवलं, ‘तो घाबरतो, आधी हात लावा.’ आणि पाय आपटला की सगळ्यांत आधी वळायचा ना? पोकळ फळ्या होत्या त्या. इतरांना आवाज यायचा, ह्याला तळपायातून हादरा यायचा. मी त्यावर विसंबून राहिले. ‘बघ, आला की नाही!’ असं स्वतःलाच म्हणून गप्प बसायचे. कंडक्टरीणबाईंच्या पोरीचा डोळा मला आठ दिवसांत दिसला. परक्यांची मुलं मला नीट दिसतात.

आणि फोन. हे सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येणार नाही. तू गाणं म्हणायचीस तेव्हा तो हसायचा, कारण मी त्याच्या पोटाला गुदगुल्या करत होते. पहिल्या खेपेला सहज झालं. तू इतकी आनंदलीस की पुढच्या रविवारी मी मुद्दाम केलं. मग दर रविवारी. गेल्या रविवारीसुद्धा, सगळं कळत असताना. तुझं गाणं चालू होतं आणि मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने तुझ्याशी खोटं बोलत होते.

का केलं, ते तू विचारशील. तुझी नोकरी सुटू नये म्हणून, असं मी मनात घोकून ठेवलं होतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं, की तुला कळलं असतं तर तू त्याला घेऊन गेली असतीस. माझ्या घरात बावीस वर्षं संध्याकाळी सहा वाजता सगळी मुलं जातात. सहा वाजल्यानंतर राहिलेलं हे पहिलंच. मला सोडवेना. आणि ‘पहिलं ते आईबापाचं’ हा माझा नियम हाताशी होताच. तू विचारायचीस, मी हसून टाळायचे, तुला वाटायचं ताई काहीतरी गोड लपवतेय. मी ते वाटू दिलं.

सोमवारी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. झोपवून डोक्याला तारा चिकटवतात आणि कानात आवाज सोडून बघतात. दोन्ही कानांत जवळजवळ काही नाही. बहुतेक त्या तापातच गेलं. तुझी काही चूक नाही, तू नऊ दिवस त्याला मांडीवरून उतरवलं नव्हतंस, मी पाहिलंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘कधीपासून लक्षात आलं?’ मी म्हटलं, ‘गेल्या आठवड्यात.’ बाहेर पडले, बोक्याला कडेवर घेऊन जिना उतरले, तळापर्यंत गेले, आणि परत वर चढून दार ढकलून सांगितलं, ‘सहा महिने झाले.’ त्यांनी नुसतं लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपाय आहेत. आधी कानाला यंत्र, त्याने नाही भागलं तर शस्त्रक्रिया, आणि बरोबरीने हातांनी बोलणं आजपासूनच सुरू करायचं. जितक्या लहानपणी तितकं चांगलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मनात ते सहा महिने मोजले. यंत्रासाठी कागद भरायचा आहे. मी पेन घेतलं तर बाई म्हणाल्या, ‘तुम्ही आई?’ म्हटलं, मावशी. ‘सहीला आईवडीलच लागतील.’

तेव्हा ये. दोघांपैकी एकाने तरी ये. हे पत्र मिळेल त्याच दिवशी रजा माग. आल्यावर मला हवं ते बोल, जन्मभर बोलू नकोस, पण आधी त्या कागदावर सही कर. रविवारी फोन कर, मी उचलीन. पण त्याच्या कानाला लावणार नाही.

हातांनी बोलण्याच्या दोन खुणा बाईंनी दाखवल्या, ‘दूध’ आणि ‘आणखी’. दूध त्याला तिथेच जमलं. तिसरी एक खूण मीच विचारली होती, ती शिकून घेतलीय, पण त्याला अजून दाखवलेली नाही. ती तू दाखव. ह्या वेळी खरंच राखून ठेवलीय.

काल सुताराच्या घरी जाऊन माफी मागितली. आज सकाळी तो आला, बरोबर जुन्या जमिनीतली एक धड राहिलेली फळी. दाराच्या आत, दोन पट्ट्यांवर, खाली पोकळी ठेवून बसवून दिली. चौकटही पुरी केली.

आलीस की दारातून हाक मारू नकोस. तो चपलांच्या जोड्या लावत पाठमोरा बसलेला असेल. फळीवर उभी राहा आणि दोनदा पाय आपट. तो वळेल. त्या वेळी मी आणि शिंपीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या असू.

जिची सही चालत नाही ती,
तुझी ताई